खत कुजले, औषध उरले

महोदय,

शेणखत चांगले कुजले की निर्धोक झाले, ही समजूत जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. टेट्रासायक्लीनसारख्या औषधाचा मोठा भाग शेण-मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडून उकिरड्यावर येतो. ढीग आतून 55 ते 65 अंश सेल्सिअस तापला आणि त्यात ओल व हवा टिकली, तर टेट्रासायक्लीन काही आठवड्यांत बरेच घटते. मात्र एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधे सेंद्रिय कणांना घट्ट चिकटतात आणि खत काळेभोर, भुसभुशीत, मातीच्या वासाचे झाले तरी त्यात उरू शकतात (डोळ्यांना वा नाकाला हे कळणारच नाही). शिवाय ढिगाच्या कडा थंडच राहतात, म्हणून न पलटलेल्या ढिगाला कुजलेले म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. औषध नष्ट झाले तरी जिवाणूंमधील प्रतिरोधक जनुके, म्हणजे त्यांना औषधाला दाद न देण्याची ताकद देणारी जनुके, शिल्लक राहू शकतात, हे मला अधिक चिंतेचे वाटते.

औषधोपचारानंतर काही दिवस दूध वर्ज्य असते. त्याच दिवसांतले शेण मात्र बिनदिक्कत ढिगात जाते. ते वेगळे साठवून अधिक काळ कुजवावे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना घालू नये, एवढी सूचना पशुवैद्यकांनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावी.

– एक पशुपालक वाचक