देहचित्रांच्या प्रदर्शनासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

घाईत लिहिते आहे. देहचित्रे (स्वतःच्या देहाच्या बाह्यरेषेत रुग्णाने रंगवलेली आपली कहाणी) तयार आहेत, चौकटी नाहीत.

आपले काम तुम्हांला नव्याने सांगायला नको. रुग्णाने काढलेले चित्र रुग्णालयात न्यायचे, डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय यांच्यापुढे ठेवायचे आणि काढणाऱ्याला बोलू द्यायचे. पहिल्या वेळी सुतारकाकांनी जुन्या दारांच्या फळ्यांतून चौकटी करून दिल्या. मजुरीचे नाव काढले तर रागावले. निवृत्त मेट्रनबाईंनी आपल्या शब्दावर वॉर्डाचे दार उघडून दिले आणि तीन दिवस तिथे उभ्या राहून एकेकीला हाताला धरून आत आणले. चित्रकलेच्या सरांनी तर सगळे रविवार दिले. या तिघांचे ऋण फिटणारे नाही.

ते हातमोज्यांचे चित्र आठवते ना? एचआयव्हीसह जगणाऱ्या आपल्या ताईंनी स्वतःचा देह राखाडी रंगवला आणि मनगटावर मोज्यावर मोजा चढवलेला एक हात काढला. नुसती नाडी बघायला दोन मोजे! स्पर्शाने लागण होत नाही हे तिथे सर्वांना पाठ होते, तरी चित्रापुढे सगळे गप्प झाले. पाठ असूनही हात बिचकतो, तिथे आणखी एक माहितीपत्रक वाटून काय होणार?

देहचित्रांची ही रीत २००२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या परिसरात एचआयव्हीबाधित स्त्रियांबरोबर आकाराला आली. मोठ्या कागदावर आडवे व्हायचे, दुसऱ्याने बाह्यरेषा काढायची, मग आत आपले व्रण, औषधे, माणसे भरायची. या खेपेला कुष्ठरोगातून बरे झालेले सभासदही आहेत. या रोगावरची बहुविध औषधयोजना १९८१ पासूनची. ती सुरू झाली की लागणीचा धोका लवकरच संपतो. तरी मलमपट्टी करणाऱ्याने तोंड फिरवलेले त्यांना अजून सोसावे लागते.

मागच्या आवाहनाला शुभेच्छा भरभरून आल्या, मदत मोजक्यांचीच. एका रुग्णालयाने आपली चित्रे दोन दिवसांत उतरवली. ती जिन्याखाली सापडली. तेव्हा आपल्यातलेही फारसे कोणी बोलले नाही, याचे वाईट वाटते. काढणाऱ्यांना काय सांगावे, मला सुचले नव्हते.

हवे ते असे: चौकटी (महिनाअखेरीच्या आत), माउंटबोर्ड, जाड कागदाचे रोल, ॲक्रिलिक रंग (अर्धे डबेही चालतील), छपाईखर्च, चित्र काढणाऱ्यांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी, ती आपण देणारच. रोख वा वस्तू खजिनदारांकडे द्यावी, पावती मिळेल. दोन-दोन तास थांबणारे स्वयंसेवक हवेत. वैद्यकीय सेवेतल्या सभासदांनी आपल्या विभागप्रमुखांकडे शब्द टाकावा. काढणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय कोणीही चित्रांचे फोटो काढू अथवा पुढे पाठवू नयेत.

आपली,
चिटणीस