ओहोटीच्या वेळेला ये

अलिबाग,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि सोसायटीभोवती त्याच त्या फेऱ्या मारून तू विटली आहेस, हे वाचून जीव तुटला. म्हणून आज आमच्या किनाऱ्यावरच्या सकाळीबद्दल सविस्तर लिहिते.

इथे व्यायामाची वेळ तिथी ठरवते. कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. पौर्णिमा नुकतीच झालीय, उधाणाचे दिवस. पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे हटतं. आज समोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्याच्या दरवाजापर्यंतची वाट उघडी पडली होती. काळी, घट्ट वाळू आणि तिच्यावर चालणारे सगळ्या वयाचे लोक! निवृत्त शिक्षक, बाळंतपणानंतर पुन्हा घराबाहेर पडलेल्या मुली, नऊवारीतल्या आज्या. कुणी कुणाच्या वेगाशी बरोबरी करत नाही.

अष्टमीला मात्र सकाळी सहालाच भरती. मग उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात धावायला कडक जमिनीपेक्षा दीडपट तरी ताकद लागते, नवख्याच्या पोटऱ्या लगेच भरून येतात. त्या दिवशी आम्ही सायकली काढतो आणि थळवरून किहीमला जातो. सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला तो याच किहीमला. तुला पक्ष्यांचं वेड, म्हणून मुद्दाम सांगते.

मला सर्वांत आवडतो तो मुलींचा कबड्डीचा सराव. रायगडात कबड्डी घरोघरची. पाऊल उमटतं पण रुतत नाही अशी जागा त्या बरोबर हेरतात आणि टाचेने रेषा ओढून बारा मीटर बाय आठ मीटरचं मैदान आखतात. चढाईला आलेली पोर पकडीत आडवी होते, तोंडभर वाळू घेऊन उठते आणि पुन्हा मध्यरेषेकडे धावते. सिमेंटच्या अंगणात तिला असं झोकून देताच आलं नसतं. या पोरींसाठी किनारा मोकळा राहिला पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. सुट्टीच्या दिवशी याच पट्ट्यावरून गाड्या पळवतात तेव्हा संताप होतो.

पोहायचं म्हणशील तर पावसाळ्यात नाव नको. एरवीही कमरेच्या पुढे जायचं नाही. पाणी आत ओढायला लागलं तर त्याच्याशी झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. इथल्या मुलांना हे लहानपणीच शिकवतात.

आता ऐक. अमावास्या झाली की पौष शुद्ध प्रतिपदेला ये आणि चार दिवस राहा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकड, मी घ्यायला येईन. पहिल्या दिवशी नुसतं पाण्याच्या कडेने चालू. दम लागला तर बसू, घाई कसलीच नाही. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात जाऊन गणपतीचं दर्शन घेऊ आणि पाणी फिरायच्या आत परतू. त्या वाटेवर खडकांना कालवं चिकटलेली असतात, पाय कापतो. तेव्हा जुन्या, पट्ट्याच्या चपला आण. औषधांची पिशवी विसरू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वासंती