आशाताई, बाळाच्या वजनानंतर टाक्यांकडेही पाहिल्याबद्दल

आशाताईंना प्रसूती कक्षाकडून सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात साधी प्रसूती झाली की तिसऱ्या दिवसापासून तुमच्या सहा गृहभेटी असतात. सिझर असेल तर बाई उशिरा घरी येते, म्हणून 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा पाच. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातही मोफत जेवण साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस धरलंय, ते याच हिशेबाने. या भेटी मुख्यतः बाळासाठी : वजन, ताप, नाळ, अंगावर पिणं. पण बाळाला वजनाच्या झोळीतून काढलं की तुम्ही त्याच्या आईला म्हणता, "आता तू. उठून दाखव." या चार शब्दांसाठी हे पत्र.

उठण्यावरून निम्मं कळतं. सिझरला पोट ओटीपोटावर आडवं, साधारण 10 ते 15 सेंटिमीटर उघडतात. पोटाचे उभे स्नायू बहुतेक वेळा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. मात्र त्यांच्यावरचं चिवट आवरण आडवं कापलेलं आणि शिवलेलं असतं. उताणं असताना तसंच ताडकन उठून बसलं की सगळा ताण त्या शिवणीवर येतो. म्हणून तुम्ही सांगता तेच बरोबर : गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय बाजेखाली सोडायचे आणि कोपराच्या जोरावर वर यायचं. खोकताना, शिंकताना उशी पोटाशी धरायची. वॉर्डात आम्ही हे शिकवतो, पण घरी पाहुण्यांच्या गर्दीत ते विसरलं जातं.

"अपेंडिक्सवाला आठ दिवसांत शेतावर गेला, हिलाच काय झालं?" हा प्रश्न तुम्हाला घरोघरी ऐकावा लागतो. छेदापुरतं बोलायचं तर सिझर तसं सोयीचं. आतडं फुटल्यावर पोट मधोमध उभं उघडतात, तिथे श्वास घेतानाही दुखतं आणि पुढे हर्निया होण्याची भीती जास्त. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तर तीन लहान भोकं, शिवाय आत भरलेल्या वायूमुळे दोन दिवस खांदा दुखतो, एवढंच. गर्भपिशवी काढायला तर पुष्कळदा सिझरसारखाच आडवा छेद असतो. पण त्या बाईची पिशवी गेलेली असते. बाळंतिणीची आतच असते, तिच्यावरही टाके असतात, आणि साधारण एक किलोची ती पिशवी सहा आठवड्यांत मूठभर व्हायची असते. बाळ प्यायला लागलं की कळ येते ती त्या आकसण्याची. वार सुटलेली जागा भरेपर्यंत अंगावरून जात राहतं, चार ते सहा आठवडे. सिझरला अर्धा ते एक लिटर रक्त जाणं नेहमीचं, तेही आधीच रक्त कमी असलेल्या बाईचं. वर दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा तीन किलोचं बाळ उचलायचं. हर्नियाच्या पेशंटला कोणी तीन किलोचं ओझं रात्री दोन वाजता हातात देत नाही.

पाण्यावरून तुम्ही सासूबाईंशी जो वाद घालता, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. "गॅस सुटेपर्यंत पाणी नाही" ही जुनी शिस्त आतडं कापून जोडलेल्या पेशंटची. सिझरमध्ये आतड्याला फारसा हात लागत नाही, त्यामुळे त्याच दिवशी पाणी आणि हलकं खाणं सुरू होतं. घरी मात्र "टाके पिकतील" म्हणून पाणी तोडतात. टाके पाण्याने पिकत नाहीत, जंतूंनी पिकतात. दूध पाजणारी बाई, रोजची लोहाची गोळी, सकाळी डिंकाचा लाडू आणि पाणी दोन ग्लास, म्हणजे चौथ्या दिवशी शौचाला खडा आणि कुंथताना टाक्यांवर ताण. लाडू खाऊ दे, पण सोबत तांब्याभर पाणी आणि पालेभाजी हवीच, हे तुम्ही न भांडता पटवता. आम्हाला ते जमत नाही.

जखम दूषित झाली तर बहुधा चौथ्या दिवसानंतर कळतं, म्हणून सातव्या दिवसाची भेट महत्त्वाची. तुम्ही पोटाची घडी हलकेच वर उचलून खालची ओल बघता. बरेच जण फक्त वरून पाहतात. त्या घडीत घाम साचतो, त्यातच खाली शेगडी आणि वर गोधडी. साबण-पाण्याने अंघोळ, जखम टिपून कोरडी करणं आणि चड्डीचं इलॅस्टिक छेदावर येऊ न देणं एवढंच लागतं. हळद, तेल, पावडर काही नको. पोटाचं मालीशही जखम भरेपर्यंत नको. पोटपट्टा बांधला तर हिंडताना आधार वाटतो, पोट मात्र त्याने आत जात नाही. छेदाच्या वर बधिरपणा असला तर बाई घाबरते. कातडीच्या बारीक नसा कापल्याने तसं होतं, काही महिन्यांत तो कमी होतो.

सव्वा महिना आणि तुमचा 42 वा दिवस यांत चार-पाच दिवसांचाच फरक, म्हणजे जुन्या बायकांचा हिशेब वाईट नव्हता. अडचण दोन ठिकाणी. माहेरी पहिल्या खेपेला पडून राहायला लावतात, आणि बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते. दुसऱ्या खेपेला सासरी दहाव्या दिवशी हंडा डोक्यावर. खरं हवं ते मधलं : पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालणं, आणि सहा आठवडे बाळापेक्षा जड काही न उचलणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, तासाभरात पॅड भिजलं, ताप आला किंवा घाण वास सुटला, तर तुम्ही दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता 108 ला फोन लावता. डोकं दुखत असेल तर आधी बीपी बघता. मणक्यातल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे दुखणारं डोकं बसल्यावर ठणकतं आणि आडवं झाल्यावर उतरतं; बीपीचं तसं नसतं, आणि बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात.

दूध "विषारी" होईल म्हणून गोळ्या बंद केलेल्या बायकांना तुम्ही पुन्हा चालू करायला लावता. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन अंगावर पाजताना चालतात. चिठ्ठीप्रमाणे वेळेवर घेतल्या तर बाई नीट बसून पाजते.

42 व्या दिवशी बाळाचा कागद पूर्ण झाला तरी तुम्ही पाळणा लांबवण्याचं बोलता. अपेंडिक्सचा व्रण एकदा भरला की भरला. पिशवीवरचा व्रण पुढच्या गरोदरपणात पुन्हा ताणला जातो, म्हणून निदान दोन वर्षं थांबायचं आणि पुढची प्रसूती ऑपरेशन आणि रक्ताची सोय असेल तिथेच करायची.

आमच्याकडून इतकंच : यापुढे डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहून देऊ. टाके विरघळणारे की काढायचे, काढायचे तर कोणत्या तारखेला. शेवटचं हिमोग्लोबिन. बीपीची गोळी चालू आहे का. तांबी बसवली आहे का. तुम्हाला हे बाईला विचारून अंदाजाने ठरवावं लागत होतं, ती चूक आमची होती.

आपले,
प्रसूती कक्षातील सिस्टर आणि डॉक्टर