नशेतलं ‘हो’

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू ठणकावून सांगितलंस की दोन पेग पोटात गेल्याशिवाय माणसाला तत्त्वज्ञान सुचत नाही. घाईत होतो म्हणून तेव्हा हो ला हो केलं. आता सवडीने भांडतो.

तुझ्या बाजूचा सगळ्यात भारी साक्षीदार मीच देतो: हार्वर्डचा तत्त्वज्ञ विल्यम जेम्स. त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दाताचे डॉक्टर वापरतात तो हसवणारा वायू, हुंगला आणि १८८२ साली त्याबद्दल लिहिलं. एरवी त्याचं हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाशी वाकडं. पण वायूच्या अमलात हेगेल त्याला एकदम पटला. सगळे विरोध विरघळले, होय आणि नाही एकच झाले. त्या भरात त्याने कागदामागून कागद भरले, काही दुसऱ्याला सांगून लिहवले. शुद्धीवर येऊन वाचतो तर निव्वळ बरळणं! पण गडी सच्चा. कागद दडवले नाहीत, त्यातल्या ओळी छापून मोकळा झाला. पुढे १९०२ च्या पुस्तकात त्याने म्हटलं की शुद्धीतला माणूस भेद करतो, नाही म्हणतो. प्यालेला सगळं एक करतो आणि हो म्हणतो.

माझी शंका त्या ‘हो’बद्दलच आहे. नशेत पटल्याची भावना आधी येते आणि काय पटलं ते शोधायला माणूस मागून निघतो. १७९९ मध्ये ब्रिस्टलला विशीतला हम्फ्री डेव्ही हाच वायू छातीभर ओढून ओरडला होता, विचारांखेरीज जगात काहीच नाही! (नाव कमावलं ते मात्र रसायनशास्त्रात.)

आपल्याकडचंच बघ. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात सोम प्यालेला ऋषी म्हणतो, ‘अपाम सोमममृता अभूम’. प्यालो, अमर झालो, प्रकाशाला पोचलो, देव सापडले. पुढे एक प्रश्न येतो, तोही काय, तर शत्रू आता आमचं काय वाकडं करणार! याउलट दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त. ही सृष्टी कुठून आली हे कोणाला ठाऊक, वर बसलेल्यालाही ठाऊक असेल किंवा नसेलही. मला तत्त्वज्ञान म्हणून हे दुसरं जास्त ऐवजाचं वाटतं.

सॉक्रेटिसचा दाखला तू देणारच. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या मद्याच्या मैफलीवरच्या संवादात मंडळींची आदल्या दिवशीची धड उतरलेली नाही, म्हणून ठरतं की आज आग्रह नको, ज्याला झेपेल तेवढी. बासरीवालीलाही परत पाठवतात आणि मग भाषणं सुरू होतात. शेवटी अथेन्सचा तरणाबांड पुढारी अल्सिबायडीस झिंगत येतो. त्याचं भाषण सगळ्यांत जिवंत, मान्य. पण विषय आहे प्रेम आणि हा बोलतो सॉक्रेटिसबद्दल, स्वतःच्या जळफळाटाबद्दल. प्यालेला माणूस खरं बोलतो ते बहुतेक स्वतःचंच. पहाटे कोंबडे आरवतात तरी सॉक्रेटिस पेंगणाऱ्या दोघांना पटवतोय की शोकांतिका आणि विनोदी नाटक एकाच माणसाला लिहिता यायला हवं. ते आडवे झाल्यावर हा लायसियम या व्यायामशाळेत जाऊन अंघोळ करतो आणि दिवसभर नेहमीसारखा वावरतो. त्याला चढतच नाही, हे प्लेटो मुद्दाम सांगतो. मग तो तुझ्या बाजूचा कसा रे?

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलेली पर्शियन लोकांची पद्धत मात्र मला आवडते. मोठ्या गोष्टीचा निर्णय पिऊन घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीत तोच पुन्हा तपासायचा. तेव्हाही पटला तर ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तू मनसोक्त बोल, मी लिहून घेतो. सकाळी चहाबरोबर वाचू आणि मग बघू कोण जिंकतं. येताना चकली आण, इथली अगदीच मऊ मिळते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू