रोपं लावून झाली, आता राखणीची शिबिरं घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनमहोत्सवाच्या आठवड्यात, १ ते ७ जुलैच्या दरम्यान, आपल्या अंकात वृक्षारोपणाची छायाचित्रं रोज येत होती. रोपं लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण कोकणात रोप पावसाळ्यात मरत नाही. दसरा-दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं आणि शिमग्याच्या मागेपुढे एक वणवा आला की गवताबरोबर रोपांचीही राख होते. त्या दिवसांत डोंगरावर कुणी नसतं, छायाचित्र काढायलाही नाही.

नोकरीनिमित्त ओसाकाला असताना मी शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात एका आंतरराष्ट्रीय वनशिबिरात काम करायला गेले होते. कोचीचा ८४ टक्के भाग जंगलाखाली आहे. जपानात इतकं जंगल दुसऱ्या कुठल्याच प्रांतात नाही. पण त्यातलं बरंचसं लावलेलं आहे. महायुद्धानंतर इमारतींना लाकूड हवं होतं, म्हणून देशभर डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या दोन जातींनी भरले. लावताना झाडं मुद्दाम दाट लावायची आणि पुढे टप्प्याटप्प्यानं विरळ करत जायची, अशी तिथली रीत. १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त मिळू लागलं, तरुण शहरांकडे गेले आणि विरळणी राहूनच गेली. आज अशा जंगलात शिरलं की भरदुपारी संध्याकाळ वाटते. खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे गवत नाही, झुडूप नाही. उघडी माती पावसाबरोबर वाहून जाते आणि झाडं काठीसारखी बारीक राहतात.

आम्हा स्वयंसेवकांचं काम होतं ती विरळणी. जंगल वाचवायला झाडं मारायची, हे ऐकून पहिल्यांदा धक्काच बसतो. यांत्रिक करवत फक्त शिकलेल्या माणसांच्या हातात. आमच्याकडे हातकरवत, कोयते आणि बांबूच्या पाचरी. गावातले सत्तरीपुढचे आजोबा कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं ते खुणेनं दाखवत. काढायच्या झाडाच्या बुंध्याशी सालीला गोल काप द्यायचा, पाचर आत सारून साल सुटी करायची आणि दोन्ही हातांनी वर ओढायची. उन्हाळ्यात झाडात रस चढलेला असतो, तेव्हा साल उंचावरपर्यंत सरसर निघून येते. असं झाड वर्षभरात उभ्याउभ्या सुकतं. पालवी हळूहळू गळते, ऊन खाली उतरतं, आणि सुकलेला ओंडका हलका झाल्यानं उतरवणंही सोपं जातं. जड यंत्र नाही, त्यामुळे लहान मुलंही या कामात होती. स्वयंपाक आळीपाळीनं, येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, झोपायला बंद पडलेली शाळा. मुलंच नाहीत म्हणून बंद पडलेली.

जंगल लावण्याइतकंच ते राखणंही सर्वांचं काम आहे, हे त्या देशानं आता कायद्यानंही मान्य केलं आहे. २०२४ पासून तिथे करदात्यांकडून वर्षाला माणशी १,००० येन वनपर्यावरण कर घेतला जातो. त्याचा एक मोठा उद्देश ही राहून गेलेली विरळणीच आहे.

अशी शिबिरं आपल्याला परकी नाहीत. स्विस अभियंता पिएर सेरेसोल यांनी १९२० साली फ्रान्समध्ये, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका खेड्यात पहिलं शिबिर भरवलं. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तिथे घरं उभारायला आले. पुढे याच संस्थेच्या देशोदेशीच्या तरुणांनी बाबा आमट्यांच्या आनंदवनात इमारती बांधल्या. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी तर महाराष्ट्राच्या ओळखीची आहे.

मात्र अशी शिबिरं सरसकट सगळीकडे नेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांनी २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळवले आहेत. तिथे जंगल जाणणारी माणसंही आहेत आणि त्यांना मजुरीची गरजही आहे. तिथे फुकट राबणारे पाहुणे आणणं म्हणजे गावाच्या पोटावर पाय देणं. ग्रामसभेनं बोलावलं तर शिकायला जरूर जावं, पण कामाची मजुरी गावालाच मिळाली पाहिजे.

कोकणाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडं, बहुतेक डोंगर खासगी मालकीचे. घरांना कुलपं, मालक मुंबईला, गावात म्हातारी माणसं. कोचीच्या त्या गावात मला सारखं माझं गाव दिसत होतं, ते यामुळेच. आमच्या आजोबांना ऐन-किंजळीच्या झाडांची कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, किती तोडायची आणि झाड कसं राखायचं ते कळत होतं. ते जाणणारी पिढी अजून आहे, पण फार दिवस नाही.

म्हणून माझी मागणी अशी. जुलैत रोपं लावणाऱ्या प्रत्येक संस्थेनं त्याच जागी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कापायचं शिबिर घ्यावं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर जाळपट्टे, म्हणजे वणवा अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढण्यासाठी वापरावं. महाविद्यालयांना त्यासाठी वेगळी परवानगी लागू नये. आणि प्रत्येक गावाचं मुंबईत जे ग्रामस्थ मंडळ असतं, त्यानं शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांना वणव्यावर नजर ठेवायच्या पाळ्या लावून द्याव्यात. परदेशी पाहुणे आले तर आनंदच आहे. आमच्या म्हाताऱ्यांकडून शिकण्यासारखं त्यांनाही पुष्कळ सापडेल.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. या जुलैत आपण ज्या ज्या ठिकाणच्या वृक्षारोपणाची बातमी छापलीत, तिथे येत्या मे महिन्यात आपल्या वार्ताहरांना पाठवावं आणि किती रोपं जगली तो आकडा त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावा.

आपली,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)