उदात्त जागेवरचा रिसर्च फोटो बघून तपासू नका

संपादक महोदय, नमस्कार.

कलेतल्या पीएचडीवर तुमच्याकडे सध्या जी पत्रं येतायत ती वाचतोय. बहुतेकांचा सूर असा की चित्रकारानं चित्रं काढावीत, तत्त्वज्ञानाच्या नादी कशाला लागायचं, आणि लागलाच तर गुमान प्रबंध लिहावा, सोबत ते इन्स्टॉलेशन, म्हणजे आत शिरून बघायची मांडणी वगैरे कशाला. मला हे पटत नाही, निदान उदात्त जागेच्या विषयात तरी. म्हणजे अशी जागा की जिथं शिरल्यावर माणूस दबतो, जरा घाबरतो सुद्धा, पण तिथून पाय निघत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचंच घ्या ना. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो की पिरॅमिडच्या फार जवळ जाऊ नका, फार लांबही राहू नका, तरच त्याची भव्यता पुरती जाणवेल. जवळ गेलात तर नजर पायथ्यापासून शिखरापर्यंत पोचेस्तोवर खालचं मनातून निसटायला लागतं. निरीक्षण एकदम बारीक आहे, पण गंमत अशी की कांट जन्मात इजिप्तला गेला नव्हता, हे त्यानं एका फ्रेंच प्रवाशाच्या लिखाणातून घेतलंय!

आता दुसरीकडे बार्नेट न्यूमन बघा. हा चित्रकार, पण तत्त्वज्ञान शिकलेला, १९४८ मध्ये उदात्तावर निबंध लिहिला आणि मग साडेपाच मीटरच्या आसपास रुंद असं लाल चित्र रंगवलं. १९५१ च्या प्रदर्शनात त्यानं भिंतीवर चिठ्ठीच लावली होती की मोठी चित्रं लोक लांबून बघतात, पण ही जवळून बघायची आहेत. म्हणजे कांट म्हणतो बेतानं लांब राहा आणि हा म्हणतो जवळ या. मला वाटतं दोघंही बरोबर आहेत, कारण पिरॅमिडला शिखर आहे, तिथं नजरेला बेरीज करत जायचंय, आणि त्या लाल रंगात बेरीज करायला फारसं काहीच नाही, उलट कडा नजरेबाहेर गेल्या की मगच ते अंगावर येतं. पण हे माझं 'वाटतं' झालं. खरं-खोटं करायचं तर कुणीतरी खोली बांधली पाहिजे, छत खाली-वर करून, उजेड बदलून, लोकांना पुढंमागं उभं करून बघितलं पाहिजे, आणि ते टेबलावर बसून होत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा तर याहून भारी. एडमंड बर्क या विचारवंतानं १७५७ मध्ये उदात्ताबद्दल लिहिलं की भीती फार अंगाशी आली तर आनंद उरत नाही, थोडं अंतर हवं, आणि कांटही म्हणतो की वादळ बघायचं तर सुरक्षित जागेवरून. मग १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जेम्स टरेल या कलाकारानं नुसत्या उजेडातून केलेल्या खोल्यांत लोक उजेडालाच भिंत समजून टेकायला गेले आणि पडले, प्रकरण कोर्टात गेलं. त्या खोलीत ना वादळ ना डोंगरकडा, वरवर बघता सगळं सुरक्षितच, पण डोळ्यांनी दगा दिला की पायाखालचं अंतरच संपतं. बर्क-कांटच्या थिअरीत एक अख्खा चॅप्टर वाढवावा लागेल असा हा प्रकार आहे आणि तो एका कलाकाराच्या खोलीतून निघाला.

पण कलाकारांनाही सोडू नका. आधी काम करायचं आणि मग गाइडच्या आग्रहाखातर ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाची चार वाक्यं वरून पेरायची, कोथिंबिरीसारखी, हे सर्रास चालतं. त्या वाक्यांमुळे कामातली एखादी गोष्ट बदलली का, एवढं एकच विचारा. नसेल बदलली तर ती वाक्यं काढून टाका, प्रबंध जरा बारीक होईल, होऊ दे.

माझी खरी तक्रार तपासण्याच्या पद्धतीबद्दल आहे. खोली बांधायची आणि परीक्षकांना पाठवायची पीडीएफ, त्यात तळहाताएवढे फोटो, म्हणजे ज्या विषयात आकार आणि अंतर हाच मुद्दा आहे तिथं नेमकं तेच काढून टाकायचं. परीक्षकांनी त्या जागेत प्रत्यक्ष जावं, आधी एकट्यानं, मग लोक असताना, आणि तोंडी परीक्षा शक्यतो तिथंच घ्यावी. आणि फसलेली मॉडेल्स, म्हणजे ज्या उंचीला काहीच वाटलं नाही, ज्या अंधारात लोक नुसते कंटाळले, ती मोजमापांसकट प्रबंधात सक्तीनं घालायला लावावीत. पुढच्या रिसर्चरला त्यांचाच जास्त उपयोग होईल.

आपला,
एक वाचक