४५ सेकंद आम्हालाही द्या की

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ऑस्करच्या भाषणांवर दरवर्षी काही ना काही छापून येतं, कोण रडलं, कोण नवऱ्याचं नाव घ्यायला विसरलं, कुणाचं बोलणं चालू असतानाच म्युझिक वाजवून त्याला खाली उतरवलं. तिथं म्हणे ४५ सेकंद मिळतात, त्यात काय ते उरकायचं. १९४३ मध्ये ग्रीर गार्सन नावाची नटी पाच मिनिटांच्या वर बोलत राहिली, ते लोक अजून सांगतात. मला तर ४५ सेकंद भरपूर वाटतात. आपल्याकडं आभार कार्यक्रमात सगळ्यात शेवटी, तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात, आणि माईकवाला म्हणतो, "आभार मानून मी ऋणातून मुक्त होणार नाही, ऋणातच राहणं पसंत करीन." म्हणजे आभार राहिलेच ना हो?

घरात तर विषयच नाही. आपल्याच माणसाचे आभार कसले मानायचे! आणि मग एक दिवस तुमच्या पेपरात आतल्या पानावर जाहिरात येते, प्रथम पुण्यस्मरण, फोटोला हार, "तुमच्या कष्टांमुळेच आज आम्ही उभे आहोत", खाली सगळ्या खानदानाची नावं. मजकूर चांगला असतो, मी वाचते, कधी कधी डोळ्यात पाणीपण येतं. पण ज्यानं वाचायला पाहिजे तो माणूसच नाही ना आता. जिवंत माणसाचं एवढं कौतुक फक्त फ्लेक्सवर दिसतं आणि तेही पुढाऱ्याचं, वाढदिवसाला.

मी कोल्हापुरात घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आमच्या कोल्हापूरच्याच भानू अथैया, १९८३ मध्ये 'गांधी' सिनेमाच्या कपड्यांसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, जॉन मोलोंबरोबर विभागून, पण भारतात आलेलं पहिलं ऑस्कर ते. स्टेजवर त्या दोन-चार वाक्यं बोलल्या, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचे आणि सिनेमाचे दिग्दर्शक अ‍ॅटनबरोंचे आभार मानले, झालं. पुढं २०१२ मध्ये ती ऑस्करची बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून त्यांनी अकॅडमीकडंच परत दिली. तर कपड्यांनापण ऑस्कर असतं हे कळल्यापासून मी मशीनवर बसले की मनात भाषण करते. कटोरी ब्लाऊजला अजून कुणी बक्षीस ठेवलेलं नाही, पण भाषण तयार आहे, ते इथंच करून टाकते.

पहिलं नाव सासूबाईंचं. सून घरात शिवणकाम करणार, परक्या बायका मापं द्यायला दारात येणार, हे तेव्हा कुणालाच पटत नव्हतं, त्यांनाही फार पटत होतं असं नाही, पण भिशी लागली तेव्हा पैसे माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, मोटरचं मशीन घे, पायानं मारून गुडघे जातात. त्यांचे स्वतःचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. आता त्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा भाग मी मोठ्यानं म्हणते, मनातसुद्धा.

दुसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्नसराईत मला मशीनवरून उठायला होत नाही, रुखवताच्या साड्यांचे ब्लाऊज, नवरीच्या मैत्रिणींचे, आदल्या रात्री "वैनी बाही जरा सैल करून द्या की" म्हणून येणारे. त्या दिवसांत दोन्ही वेळचा स्वयंपाक जाऊबाईच करतात, माझ्या पोरांचे डबेसुद्धा. आता खरं सांगायचं तर भांडण झालं की त्या हे काढतात, "डबे कोण भरत होतं गं" म्हणून, दर वेळी काढतात. काढू देत. भांडणासाठी का होईना, हिशोब त्यांनी ठेवलाय, घरात दुसऱ्या कुणीच ठेवलेला नाही.

तिसरे आमचे हे. गोकुळ शिरगावला फिटर आहेत, दिवसभर लोखंडात हात, आणि रात्री जेवण झालं की मॅच बघत बघत ब्लाऊजला हुक लावून देतात, सगळे एका ओळीत, एकसारख्या अंतरावर, माझ्यापेक्षा सरळ. बायका विचारतात हुक कुणाकडून लावून घेता, मी सांगत नाही कारण यांनी सांगू नको म्हटलंय, कंपनीत चेष्टा होईल. आता पेपरातच आलं. म्युझिक वाजवायचं असेल तर इथं वाजवा.

भावानं शिवण क्लासची फी भरली होती, तेव्हा त्याला स्वतःलाच नीट नोकरी नव्हती. मध्ये त्याला फोनवर म्हटलं, दादा तू फी भरलीस म्हणून आज माझं चाललंय. तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "काय झालंय? पैसे पाहिजेत का?" हे असं आहे बघा आपल्याकडं, चांगलं बोलायला जावं तर समोरचा घाबरतो. मुलीचं नाव पटकन घेते, ती व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला मागच्या गळ्यांचे फोटो टाकते, त्यावर गिऱ्हाईक येतं, पण तिचं ती कमिशन घेते म्हणून तो हिशोब मिटलेला आहे.

२०१६ मध्ये ऑस्करवाल्यांनी म्हणे सांगितलं होतं, नावांची यादी आधी द्या, आम्ही स्क्रीनवर खाली पट्टीत सोडतो. मला हे पटलं. नावं पट्टीत जाऊ देत, तोंडानं त्या माणसानं नेमकं काय केलं ते सांगा. आणि समोर असताना सांगा. २००९ मध्ये रेहमाननी स्टेजवरून आईचं नाव घेतलं तेव्हा आई तिथंच हजर होती.

म्हणून विनंती अशी की पुण्यस्मरणाच्या शेजारी चार ओळींची जागा जिवंत माणसांसाठीपण ठेवा. फुकट परवडत नसेल तर थोडा रेट लावा, आम्ही देऊ. अट एकच, "मोलाचे सहकार्य लाभले" असलं लिहिलेलं घ्यायचं नाही, फी भरली तर फी, डबे भरले तर डबे, सरळ लिहायचं.

पत्र लांबलंय, तुम्ही कापणार हे माहितीय. भानूताईंचं कापा, माझ्या मशीनचं कापा, पण जाऊबाईंचं आहे तसं ठेवा. त्या पेपर शेवटच्या पानाकडून वाचत येतात आणि पत्र एकही सोडत नाहीत.

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर